भुंग्या, रक्त तपासून घे

३ फेब्रुवारी

भुंग्या,

पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव मुद्दाम घातलं नाही, आणि पत्ता दुकानातल्या मालकीणबाईंकडून लिहून घेतला, कारण माझं अक्षर दिसलं की तू हे न उघडताच टाकून देशील. फोन तू चार वर्षांत उचललेला नाहीस. भांडायला लिहीत नाहीये. थोडं भांडण मधेमधे येईल, ते सोडून दे. काम एकच आहे. तुझं रक्त तपासून घे. हिपॅटायटिस सी. नाव लक्षात राहणार नसेल तर हा कागदच दाखव.

का, ते आता सांगते.

माझा एचआयव्ही गोळ्यांनी दाबलेला आहे, हे तुला माहीत आहे. साडेसहा वर्षं रक्तात तो विषाणू मोजण्याइतकाही सापडत नाही. नवरा गेला तेव्हा लोक मला 'आता हिचं किती दिवस' अशा नजरेने बघायचे. त्यातले दोघं माझ्या आधी गेले. पण माझ्या पेशी वाढत नाहीत. सीडी-फोर नावाच्या ज्या पांढऱ्या पेशी हा रोग खातो, त्या गोळ्या सुरू झाल्यावर हळूहळू भरून यायला हव्यात. माझ्या दोनशे वीसच्या आसपास येऊन बसल्यात, त्या हलत नाहीत. दर सहा महिन्यांनी तोच आकडा, आणि त्या आकड्याखाली म्हाताऱ्या डॉक्टरांचं तेच वाक्य. "गोळ्या चुकवताय तुम्ही." विचारायचे नाहीत, सांगायचे.

मी एकदा म्हटलं, "अहो डॉक्टर, विषाणू सापडत नाही म्हणून तुम्हीच लिहिलंय. गोळ्या चुकवल्या असत्या तर तो सापडला नसता का?"

"तुमच्यासारखे लोक तपासणीच्या आधी महिनाभर नीट घेतात," ते म्हणाले. चष्मा नाकाच्या टोकावर. मी दिवसभर चष्म्याच्या काचा घासते, फ्रेममध्ये बसवते. असा चष्मा लावणाऱ्याला समोरच्या माणसाचा चेहरा धड दिसत नाही, मांडीवरचा कागद तेवढा दिसतो.

ते निवृत्त झाले. आता एक तरुण डॉक्टरीण आली आहे. तिने माझी फाइल पहिल्या पानापासून वाचली, मी समोर बसले असताना, अर्धा तास. मग एका चौकोनावर बोट ठेवलं. चौदा वर्षांपूर्वीच्या त्या कागदावर 'हिपॅटायटिस सी' असं छापलेलं होतं आणि पुढच्या चौकोनात कुणीतरी एक आडवी रेघ मारली होती. "ही रेघ म्हणजे काय? नाही निघाला, की तपासलाच नाही?" तिने विचारलं. मला कुठून माहीत असणार. पण चौदा वर्षं प्रत्येकाने ती रेघ म्हणजे 'झालं' असं धरलं होतं. तिने तपासलं. निघाला.

हा विषाणू काविळीच्या घराण्यातला, पण बहुतेकांना पिवळं न करता वीस-तीस-चाळीस वर्षं यकृतात मुकाट राहतो. नुसता राहत नाही. तिने माझं आठ नळ्या रक्त घेतलं, मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलं, आणि पेशींचा अहवाल मला समजावून सांगितला. "तुमच्या पेशी नुसत्या कमी नाहीत. ज्या आहेत त्या सतत लढाईवर असल्यासारख्या आहेत. एचआयव्ही आपण दाबला, पण हा दुसरा मोकळाच राहिला. त्याच्यामागे धावून त्या दमतात, लवकर मरतात, आणि नवीन काही आलं तर त्याच्यावर धावून जायची ताकद त्यांच्यात उरत नाही."

"म्हणजे मी गोळ्या चुकवत नव्हते."

"हे दुखणं गोळ्या चुकवल्याने होत नाही," ती म्हणाली.

बाहेरच्या बाकावर बसून मी रडले, आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला. चौदा वर्षं, भुंग्या. एक रेघ.

तर तू. तिने विचारलं, कधी रक्त चढवलं होतं का, कुणाची सुई टोचली होती का. मी नाही नाही म्हणत होते, आणि मग मला कंपाउंडर आठवला. मी बारा वर्षांची, तू आठ. आपल्या दोघांनाही तो लांबलेला ताप. चौदा दिवस रोज सकाळी तो पत्र्याच्या डबीतून काचेची पिचकारी काढायचा. आधी मी, मग तू, कारण मी आधी टोचून घेतली की तू रडत नसायचास. मधे तो सुई स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा. उकळायचा ती सकाळी एकदा, त्याच्या घरी, आणि आपल्या आधी त्याची चार घरं झालेली असायची.

एचआयव्ही मला नवऱ्याकडून आला. हा बहुधा तिथून आला. म्हणजे तुलाही असू शकतो. बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी हा जातो, कायमचा. वेळेत कळला तर.

आणि शिलाई मशीनच्या खणात तुला सापडलेली ती गोळ्यांची पाकिटं. ती जास्तीची आली होती, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. चौदा वर्षांत मी एक गोळी चुकवलेली नाही. आता तरी विश्वास ठेव.

ताई


२७ फेब्रुवारी

भुंग्या,

तीन आठवडे झाले. पत्र मिळालं हे मला माहीत आहे, कारण मी मास्तरणीच्या शाळेत फोन लावला. तुझी बायको तुझ्यासारखी नाही, तिला मधल्या सुट्टीत फोनवर बोलावलं तरी ती गोड बोलली. म्हणाली, "ताई, त्यांनी वाचलं. म्हणाले, तिचं नेहमीचंच आहे. आता स्वतःचं खरं करायला मला आजारी ठरवतेय."

बरोबर. मला दुसरा उद्योग नाही.

मग तिने आणखी एक सांगितलं, ते तू तिला सांगू नको म्हणाला होतास. जेवताजेवता तुझा डोळा लागतो. गेल्या महिन्यात सहाव्या मजल्यावर लिफ्टचं काम करताना तुझा हात सुटला आणि कमरेला बांधलेल्या पट्ट्याने तू वाचलास. तुझ्या मते वय झालं. सत्तेचाळीसला वय होत नाही. मी एक्कावन्नची आहे, अंगात दोन विषाणू, आणि परवा मी एका बाईच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. त्यामुळे मला ठाऊक आहे तो थकवा कसला असतो. झोपून उठलं तरी तो आधी उठलेला असतो.

माझ्या गोळ्या परवा सुरू झाल्या. एचआयव्हीच्या वेगळ्या, या वेगळ्या. एकमेकींशी भांडत नाहीत, हे डॉक्टरणीने आधी बघितलं. गोळ्यांना जमतं ते आपल्याला जमत नाही.

एका घरात राहून, एका ताटात जेवून हा लागत नाही, रक्तातून लागतो. तरी दाढीचं ब्लेड कुणाला देऊ नकोस. आणि मास्तरणीलाही तपासायला सांग.

मी आणखी काय करू? तुझ्या दारात येऊन सुई टोचू?

ताई


१६ मार्च

भुंग्या,

हे पत्र मी चारदा लिहून फाडलं आहे.

मास्तरीण परत बोलली. तू तिला म्हणालास, "जी बाई गोळ्यांबद्दल खोटं बोलते, तिच्या रक्ताच्या गोष्टीवर मी का सुट्टी काढू?" ती बिचारी मला हे सांगताना अडखळत होती. मी फोन ठेवला आणि दिवसभर तुला शिव्या दिल्या. मालकीणबाईंनी विचारलं, "काय पुटपुटताय?" म्हटलं, काच पुसतेय.

संध्याकाळी लक्षात आलं की तुझं वाक्य बरोबर आहे. म्हणजे अर्धं.

ती पाकिटं जास्तीची नव्हती.

सात वर्षांपूर्वी, यांना जाऊन वर्ष झालं होतं तेव्हा, मी चाळीस दिवस गोळ्या घेतल्या नाहीत. कुणी अडवलं नव्हतं. गोळ्यांनी त्रास होत होता असंही नाही. एका सकाळी पाण्याचा पेला भरला, गोळी हातात घेतली आणि वाटलं, कशाला. पेला ओतून दिला. दुसऱ्या दिवशी सोपं गेलं. तू रोज आठला फोन करून विचारायचास आणि मी "घेतली" म्हणायचे. चाळीस वेळा म्हटलं. तुझा आवाज इतका बरा वाटायचा की खरं सांगून तो बिघडवायची हिंमत झाली नाही.

मग न्यूमोनिया. अकरा दिवस तू माझ्या खाटेशी होतास. परदेशातल्या त्या मोठ्या इमारतीच्या कामाला तुझी निवड झाली होती, ते तू सोडलंस, आणि मला कधी बोलून दाखवलं नाहीस. डॉक्टर म्हणाले गोळ्या चुकल्या, मी म्हटलं एकही नाही. तू माझ्याकडे बघितलंस आणि माझ्यावर विश्वास ठेवलास. मग तू खाली जाऊन दवाखान्याच्या गोळ्यांच्या खिडकीवरच्या औषधवाल्याची कॉलर धरलीस, त्याने खराब गोळ्या दिल्या म्हणून. तक्रार लिहून दिलीस. मी वर खाटेवर पडून होते. एका शब्दाने थांबवता आलं असतं. मी डोळे मिटून घेतले.

म्हणून चार वर्षांपूर्वी खणात चाळीस गोळ्या आणि पाकिटांवर त्याच महिन्याची तारीख बघून तुझा चेहरा तसा झाला. तू म्हणालास, "मला त्या माणसाच्या अंगावर धावून जायला लावलंस तू." मी म्हटलं जास्तीच्या आहेत. तेव्हाही.

आता ऐक. त्या चाळीस दिवसांनंतर मी एकही चुकवलेली नाही. तू मात्र धरून बसलास की मी अजूनही चुकवते, आणि म्हातारे डॉक्टरही तेच धरून बसले, आणि मी ओरडून सांगू शकले नाही, कारण एकदा खोटं बोललेल्या माणसाचा आवाज नीट चढतच नाही. चौदा वर्षं माझ्यावर अन्याय झाला असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. ते तसं सरळ नाही. पण पेशी वाढत नव्हत्या त्याचं कारण हा दुसरा विषाणू आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला त्याचाच वैताग आला आहे.

माझ्यावर चिड. हवं तितकं. पण रक्त तपास.

ताई


९ एप्रिल

भुंग्या,

तुझं पत्र मिळालं. चार वर्षांनी दोन ओळी. 'तपासतो. आधी त्या औषधवाल्याला जाऊन सांग.' खाली सहीसुद्धा नाही. इतका काटकसरी कधीपासून झालास?

तरी गेले. काल दुपारी. तो आता परत खिडकीवर आहे, केस पांढरे झालेत. रांग संपेपर्यंत मी बाजूला उभी राहिले.

म्हटलं, "तुम्हाला आठवत नसेल. सात वर्षांपूर्वी माझ्या भावाने..."

"कॉलर धरली होती," तो म्हणाला. मान वर न करता पाकिटं लावत होता. "वरचं बटण तुटलं."

"गोळ्या चांगल्या होत्या. मी घेतल्या नव्हत्या. भावाला माहीत नव्हतं, मी त्याला खोटं सांगितलं होतं. तेच सांगायला आलेय."

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

त्याने खोक्याचं झाकण लावलं. "तुम्ही त्या महिन्यात दहा दिवस उशिरा आला होता. रोज घेणाऱ्याच्या गोळ्या दहा दिवस आधी संपल्या असत्या. रजिस्टरमध्ये होतं. चौकशीत मी ते पान उघडून ठेवलं होतं, कुणी बघितलं नाही. काही सिद्ध झालं नाही म्हणाले, आणि मला दोन वर्षं मागच्या गोदामात पाठवलं. बायको विचारायची, काही केलं नाहीस तर खिडकीवरून का हटवलं. काय सांगणार?"

मी म्हटलं, चूक झाली. हे शब्द तोंडातून निघाले तेव्हाच मला ते फार लहान वाटले.

"आता सांगून काय उपयोग," तो म्हणाला. रागाने नाही, खरंच विचारल्यासारखं. मी सांगितलं की लेखी देते, मोठ्या साहेबांच्या नावाने, तुमच्या फाइलला लावा. त्याने एक कोरा कागद सरकवला. मी तिथेच उभी राहून लिहिलं. त्याने दोनदा वाचलं, तारीख घालायला लावली, घडी केली आणि खिशात ठेवलं. फाइलला लावणार की घरी नेणार, मी विचारलं नाही.

निघताना म्हणाला, "हल्ली वेळेवर घेता ना?"

मला इतका संताप आला, भुंग्या. आणि त्याच्यावर रागवायचा मला काहीही हक्क नव्हता. "घेते," म्हटलं.

तुझी अट झाली. आता तुझी पाळी.

ताई


२२ मे

भुंग्या,

मास्तरणीने तुझा अहवाल वाचून दाखवला. निघाला तर. गेले चार महिने मी स्वतःला सांगत होते की निघाला तर निदान माझं म्हणणं खरं ठरेल. खरं ठरलं, आणि मी हातातली फ्रेम खाली ठेवली. स्टुलावर बसून राहिले. एका गिऱ्हाइकाला वाटलं मला चक्कर आली.

यकृत कडक व्हायला लागलंय, पण अजून आटलेलं नाही, असं तिने सांगितलं. माझ्या डॉक्टरणीला विचारलं. ती म्हणाली, वेळ गेलेली नाही, फक्त आता आणखी दवडू नका. तुझ्यात एचआयव्ही नाही, मास्तरणीला काहीच नाही. एवढं तरी बरं झालं.

आणि तुझं पत्र. या वेळी दीड पान, कारण तू रागावलेला आहेस. 'तीन वेगवेगळ्या लोकांनी विचारलं, दारू किती पिता. मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. चौथ्याने विचारलं नाही, सरळ लिहून टाकलं.' वाचून मी हसले, मग हसल्याची लाज वाटली. त्याला म्हण, कागद दाखवा, काय लिहिलंय ते वाचून दाखवा. चुकीचं असेल तर खोडून घे, त्याच्या सहीने. तोंडी 'बरं बरं' म्हणाले तर उठू नकोस. माझ्या एका रेघेला चौदा वर्षं लागली.

शेवटी तू विचारलंस, 'कंपाउंडर आधी तुला टोचायचा, म्हणून तुझ्यातून माझ्यात आला असेल का?' मीही तेच विचारलं होतं. डॉक्टरीण म्हणाली, आधीच्या चार घरांपैकी कुठूनही आला असेल, कळायला मार्ग नाही. मला वाटलं होतं कळेल. निदान कुणावर तरी चिडता आलं असतं.

माझ्या गोळ्या परवा संपल्या. तुझ्या लवकर सुरू करायला लाव.

ताई


२० सप्टेंबर

भुंग्या,

आधी माझं. हिपॅटायटिस सी गेला. गोळ्या संपून तीन महिन्यांनी परत बघितलं, नाही. मग परत आठ नळ्या. मी नव्या साडीत गेले होते, कशाला ते विचारू नकोस.

सीडी-फोर दोनशे अठ्ठेचाळीस.

मी डॉक्टरणीला म्हटलं, "एवढंच?" ती म्हणाली, चेतलेल्या पेशी थोड्या निवल्या आहेत, ही चांगली खूण आहे. थकल्याच्या खुणा मात्र अजून आहेत. काहींच्या पेशी वर्षा-दोन वर्षांत सावरतात, काहींच्या अर्ध्याच सावरतात, आणि इतकी वर्षं ओढाताण झाली की काही खुणा जातच नाहीत. शिवाय आणखी एक विषाणू असतो, तो बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून लपून असतो, धडधाकट माणसाला काही करत नाही. माझ्यासारख्यांच्या पेशींना तोही गुंतवून ठेवतो. त्यासाठी अशा बारा आठवड्यांच्या गोळ्या नाहीत. मी विचारलं, "मग मी काय करायचं?" ती म्हणाली, "एचआयव्हीच्या गोळ्या चालू ठेवायच्या आणि बघत राहायचं." खोटा धीर देत नाही म्हणून ती मला आवडते. काल मात्र तिने थोडा दिला असता तर चाललं असतं. चिडून मी दोन मैल चालत घरी आले. मग लक्षात आलं की गेल्या वर्षी मला दोन मैल चालता येत नव्हतं. तरी चिडलेलीच आहे.

आता तुझं. काल तुझं पत्र आलं. नववा आठवडा, यकृताचे आकडे उतरलेत, जेवताना झोप येत नाही. सगळं वाचून मला बरं वाटत होतं. मग तळाशी, बारीक अक्षरात: गेल्या आठवड्यात तू तीन दिवस गोळ्या घेतल्या नाहीस. कामावर डबी न्यायला नको वाटलं, मग दुसऱ्या दिवशीही, मग तिसऱ्या. मास्तरणीने विचारलं तेव्हा तू 'घेतली' म्हणालास. 'तुलाच सांगतोय. तुला कळेल.'

मला कळतं. कळतं म्हणूनच डोकं फिरलं आहे. दोन काचा चुकीच्या घासल्या, मालकीणबाईंनी घरी पाठवलं. चार वर्षं माझ्याशी बोलला नाहीस ते याच कारणासाठी ना? आणि सांगायला कोण सापडलं, तर मी.

सोमवारी डॉक्टरांना सांग, तीन दिवस, कुठले ते तारखेसह. कदाचित ते म्हणतील चालवा, कदाचित शेवटी काही दिवस वाढवतील. रागावतील. रागावून घे. आणि हे पत्र मास्तरणीला दाखव, आजच, जेवायच्या आधी. तू दाखवणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून मी शनिवारची गाडी धरते आहे. तोपर्यंत सांगितलेलं नसेल तर मी सांगेन. सांगितलेलं असलं तरी मी येणार आहे. दोन दिवस राहीन. तुझ्याकडे पलंगावर झोपायला जागा नसेल तर खाली टाक काहीतरी, मला चालतं.

स्टेशनवर येऊ नकोस, कामाचा दिवस आहे. पत्ता आता माझ्या हाताने लिहिलाय, तो मला पाठ आहे.

ताई